पायाला आलेल्या मुंग्या

“यह चींटी नहीं है, माता की पलटन है! काटेगी उसी को, जिसके खून में खोट हो!”

लालीवाल्या बाबांनी दोन्ही हात वर केले आणि मांडवभर माणसं गप्प झाली.

जेठातला, म्हणजे ज्येष्ठातला, मंगळवार होता. लखनऊमध्ये हे मंगळवार मोठे. चौकाचौकांत मांडव घालतात, येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून पुरी-भाजी आणि सरबत देतात. माझ्यासारखा संकोची माणूसही जागोजागी अडवला जातो आणि घरी पोट भरूनच पोचतो. पण विकास नगरच्या बाजारामागे घातलेल्या या मांडवातली गर्दी पुरीसाठी नव्हती. सगळे एका बाईच्या पावलांकडे पाहत होते.

बाई खुर्चीवर बसली होती. पावलं पितळी परातीत होती. परातीत गुळाचं पाणी शिंपडून वर आंब्याच्या डहाळ्या टाकल्या होत्या आणि डहाळ्यांवरून लाल मुंगळे उतरून तिच्या पावलांवर, घोट्यांवर चढत होते. आंब्याच्या झाडावर पानं शिवून घरटं करतात, ते. इकडे त्यांना माटा म्हणतात. त्यांतला एक जरी सदऱ्यात शिरला तरी माणूस भर रस्त्यात सदरा काढतो. बाईच्या पायांवर ते झुंडीने फिरत होते आणि बाई हसत होती.

“और कोई है शुद्ध खूनवाला?” बाबांनी विचारलं. “आओ कमल भैया, तुम आओ!”

उसाचा रस विकणारा कमल लाजत पुढे आला. चप्पल काढून त्याने एक पाय परातीत ठेवला आणि पुढच्याच क्षणी “अरे दइया रे!” करून असा उडाला की सरबताची बादली आडवी झाली.

“क्यों रे, रस में पानी मिलाता है?”

“नहीं महाराज, बर्फ डालता हूँ,” कमल पाय झटकत म्हणाला, “अब वो पिघल जाए तो मेरा क्या दोष?”

मांडव हसला. बाबाही हसले. मग ते खुर्चीवरच्या बाईजवळ गेले, तिला वर बघायला सांगितलं, अंगठ्याने तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढली आणि लोकांना दाखवली.

“देखो लाली! जाड़े में आई थी तो कागज थी। अब अनार है, अनार! गुड़ का लड्डू खाया, पाप काला होकर निकल गया, और खून लाल हो गया। बोलो लाली मैया की!”

“जय!”

मी दोडक्यांची पिशवी धरून मागे उभा होतो. ती बाई म्हणजे आमच्या नंदावहिनी होत्या, माझ्या जिवलग मित्राची, आत्मारामची बायको. त्या अनोळखी असत्या तर मीही बाकीच्यांसारखा हसून निघून गेलो असतो. पण ओळखीचं माणूस असलं की आपण चेहऱ्याखेरीज इतरही काही पाहतो. मी त्यांचे घोटे पाहिले. मुंगळे त्यांच्या पायांवरून नुसते फिरत नव्हते. कातडीत जबडा रुतवून, पोट वर वळवून ते चावत होते. जागोजागी लाल गांधी उठल्या होत्या. मुंगळे सगळ्यांना सारखेच चावत होते, फक्त कमलला ते कळलं आणि वहिनींना कळलं नाही.

हे मोठ्याने म्हणायला हवं होतं. पण गर्दीत माझा आवाज निघत नाही. शिवाय मनात आलं, आपल्याला काय कळतं? आपण आयुष्यभर केंद्र सरकारच्या कचेरीत इंग्रजीचं हिंदी केलं. वैद्यक काही शिकलो नाही.

आत्माराम मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. तो लष्करी इस्पितळात कंपाउंडर होता, निवृत्तीनंतर आमच्याच विकास नगरात राहत होता. आम्ही दोघं नागपूरकडचे, बौद्ध. देव्हारे आमच्या घरांतून वडिलांच्या पिढीतच गेले. इथली आठ-दहा मराठी घरं पौर्णिमेला एकत्र जमत, तेव्हा वंदनेनंतर बोलायला आत्मारामच उभा राही. “विचारा, पारखा, मग माना,” हे वाक्य त्याच्याइतक्या खणखणीत आवाजात मी कुणाकडूनच ऐकलेलं नाही. त्याच्या भरवशावर मी गप्प बसायला शिकलो होतो.

“आत्माराम,” मी त्याच्या कानाशी म्हटलं, “तू काही बोलत का नाहीस?”

“तिला बरं वाटतंय ना? वाटू दे,” तो म्हणाला. माझ्याकडे मात्र त्याने पाहिलं नाही.

परतताना आत्माराम बाबांशी बोलत मागे राहिला, म्हणून वहिनींबरोबर मी निघालो. त्या पाय उचलून आपटत चालत होत्या, नजर सारखी खाली, जमिनीवर. दूध डेअरीपाशी मी सहज वळून पाहिलं, तर त्यांची डावी चप्पल वीस पावलं मागे रस्त्यात पडली होती. डांबर तापून मऊ झालं होतं आणि त्या अनवाणी पायाने चालत होत्या.

“वहिनी, चप्पल!”

“अच्छा? गेली का?” त्या खाली बघून हसल्या. “भाऊजी, हल्ली पायांना जमीनच लागत नाही. बाबा म्हणतात, मैया उचलून चालवते.”

“कधीपासून असं होतंय?”

“आधी नुसत्या मुंग्या यायच्या हो पायांना. मग हातांनाही यायला लागल्या. मी बाबांना सांगितलं ना, ‘पैरों में बहुत चींटियाँ आती हैं.’ त्यांनी डोळेच मिटले. म्हणाले, ‘माई, तेरे घर रोज चींटियाँ आती हैं? यह तो संकेत है.’ मी म्हटलं, ‘घर में नहीं, पैरों में.’ तर म्हणाले, ‘वही तो! चरणों में आती हैं!’ तेव्हापासून रोज त्यांना पीठ-साखर घालते.”

मी रस्त्यातच उभा राहिलो.

आपल्या मराठीत पायाला मुंग्या येतात, तेव्हा पायाशी एकही मुंगी नसते. पाय बधिरतो, त्यात सुया टोचल्यासारखं होतं, त्याला आपण असं म्हणतो. हिंदीत झुनझुनी म्हणायला हवं होतं. वहिनींनी शब्दाला शब्द ठेवला आणि बाबांनी त्या शब्दातून सैन्य उभं केलं. चींटियों को आटा डालणं ही इकडची जुनी, भोळी चाल, तिला हा नवा अर्थ आयता चिकटला. एका आजारी बाईची तक्रार मैयाचं लक्षण होऊन बसली होती आणि सारं नगर तिचा जयजयकार करत होतं.

आधी मला हसू आलं, मग भीती वाटली.

वहिनींनी घरी पोचल्यावर मला एक लाडू दिला. “खा भाऊजी. पहिले काही दिवस संडासला काळं होतं, घाबरू नका. पाप निघतं ते.”

मी लाडू रुमालात बांधून घरी नेला आणि छावणीत फोन लावला. माझी भाची मैत्रेयी तिथे डॉक्टर आहे. लष्करात कॅप्टन. तिला मराठी सगळं कळतं, पण लहानपणापासून लखनऊत वाढल्यामुळे निम्मं हिंदीत बोलते.

“मामा, काळं होतं? पक्का?” ती म्हणाली. “तो तो लोहा है. लोहाच्या गोळ्या खाल्ल्या की कुणालाही होतं. पाप-वाप कुछ नहीं.”

“पण लाडवात लोह आहे हे कसं कळणार?”

“लॅब में भेजना पड़ेगा.”

त्यासाठी प्रयोगशाळेची गरज नव्हती. मला जुन्या पोथ्यांचा नाद आहे आणि पोथ्यांच्या नादाने शाईचा लागला. आपल्याकडची जुनी काळी शाई हिरडा आणि हिराकस यांची. हिराकस म्हणजे लोहाचंच मीठ. हिरड्याच्या तुरट पाण्यात ते पडलं की पाणी काळंभोर होतं. मी हिरडा उकळून गाळला आणि दोन पेल्यांत ओतला. एकात बाजारातल्या हलवायाकडचा गुळाचा लाडू कुस्करला, दुसऱ्यात बाबांचा. पहिलं पाणी गढूळ तपकिरी झालं, तसंच राहिलं. दुसरं बघता बघता निळसर काळं पडलं. मी टाक बुडवून कागदावर माझं नाव लिहिलं. उत्तम उमटलं.

इतका आनंद मला कित्येक दिवसांत झाला नव्हता. तो चार-पाच दिवस टिकला.

रविवारी मैत्रेयी आली आणि मी तिला आत्मारामकडे घेऊन गेलो. आत्माराम बाहेर गेला होता. वहिनींनी आमरस केला. मैत्रेयीने गप्पा मारता मारता त्यांची जीभ पाहिली. ती काचेसारखी गुळगुळीत आणि लालभडक होती. मग म्हणाली, “मामी, जरा उभ्या राहा. पाय जवळ घ्या. आता डोळे मिटा.”

वहिनींनी डोळे मिटले आणि त्या कापलेल्या झाडासारख्या कलंडल्या. मैत्रेयी तयार होती म्हणून त्या तिच्या मिठीत पडल्या, नाहीतर कपाटाचा कोपरा लागला असता.

“मैया ने धक्का दिया क्या?” वहिनी हसत म्हणाल्या. मैत्रेयी हसली नाही. तिने रक्त घेतलं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, ती रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आली.

“मामा, नीट ऐक. लाल पेशी हाडांच्या आतल्या मगजात बनतात. कारखाना समज. त्याला लोह लागतं, फॉलिक अ‍ॅसिड लागतं, बी-बारा लागतं. मूत्रपिंडाकडून हुकूमही यावा लागतो, ‘बनाओ’ म्हणून. यातलं काहीही अडलं, किंवा मगजच बिघडला, तरी माणूस दिसतो एकसारखाच. पांढरा, थकलेला, जिना चढताना धापा टाकणारा. पापणी ओढून फक्त एवढं कळतं की रक्त कमी आहे. का कमी आहे, हे थोडंच कळतं!”

“मग वहिनींचं का कमी झालं?”

“बी-बारा. त्यांनी मांस-अंडी केव्हाच सोडलीत, दूध पचत नाही. आणि मला वाटतं, त्यांच्या पोटातच ते शोषून घेणारा पदार्थ बनत नाही. नमुना बाहेर तपासायला पाठवलाय. रक्तात अजून मोठमोठ्या, अर्धवट पेशी दिसतायत. पण मामा, रक्त जेवढं कमी असायला हवं होतं तेवढं नाहीये. आणि फॉलिक भरपूर निघालंय. कुणीतरी त्यांना लोहाबरोबर तेही देतंय.”

“मग चांगलंच की.”

“हेच तर धोकादायक आहे.” ती खुर्चीच्या कडेवर आली. “फॉलिकने कारखाना कसाबसा चालू होतो. गालांवर लाली येते. सब खुश. पण बी-बारा नसांनाही लागतं, आणि तिथे फॉलिकचा काही उपयोग नाही. वरून रंगरंगोटी चाललीय आणि आतून वायरिंग जळतंय. आधी मुंग्या, मग बधिरपणा, मग तोल जाणं. त्यापुढे अंथरूण. इंजेक्शन आज सुरू केलं तर पुष्कळ परत येईल. जितका उशीर करू तितकं कायमचं जाईल.”

आम्ही तसेच उठून वहिनींकडे गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि मान हलवली.

“नको ग बेटा. माझं रक्त वाढलंय, तुझ्याच कागदावर आहे ना? बाबांनी औषधाची सुई मना केलीय. सुईने मैया अंगातून उतरते म्हणतात. उद्या मंगळवार. विचारून सांगते.”

मैत्रेयीने समजावलं, रागावली, शेवटी हात जोडले. वहिनी नुसत्या तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. मला तेव्हा वाटलं की आता एकच माणूस यांना वळवू शकतो. तो कंपाउंडर आहे, बुद्धिवादी आहे आणि यांचा नवरा आहे. संध्याकाळी काळ्या पाण्याचा पेला झाकून घेऊन मी पुन्हा गेलो. वहिनी शेजारी गेल्या होत्या. आत्माराम मागच्या अंगणात होता. धुतलेला खलबत्ता त्याने पालथा घातला होता.

“काय आणलंस?”

“शाई,” मी म्हटलं आणि फडकं काढलं.

त्याने पेल्याकडे पाहिलं. कसली, कुठून, असं काहीच विचारलं नाही.

“हिरड्यात टाकलंस होय,” तो म्हणाला. “हुशार आहेस. मला सुचलं नसतं.”

“आत्माराम, लाडवात हे कोण घालतं?”

“मी.” त्याने खलबत्त्याकडे बोट केलं. “लोहाच्या गोळ्या आणि पिवळ्या फॉलिकच्या. घाऊक दुकानातून आणतो. मीच कुटतो. पापणी बघायलाही त्याला मीच शिकवलं. आधी तो हात बघायचा.”

मी पेला पायरीवर ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं.

“असा बघू नकोस,” तो चिडून म्हणाला. “सगळी नोकरी मी बायाबापड्यांना याच गोळ्या हातात दिल्या. त्या फाटकाबाहेर जाऊन गटारात टाकायच्या. कडू लागतात, उष्ण पडतात, शंभर तक्रारी. आणि त्याच गोळ्या त्या बदमाशाच्या हातून लाडवात दिल्या तर रांगा लावून खातात! निम्म्या मोहल्ल्याचं रक्त वाढलंय. माझं काय चुकलं, सांग ना?”

माझी उत्तरं नेहमी उशिरा येतात, आणि याचं घरी जाताना वाटेत आलं. गोळी कडू असली तरी तिला नाव असतं. ती लागू पडली नाही तर माणूस परत येऊन भांडतो, डॉक्टर बदलतो. प्रसाद लागू पडला नाही तर माणूस स्वतःलाच दोष देतो. ज्यांचं रक्त लाडवाने वाढलं नाही त्यांना बाबा काय सांगत होते? “तुम्हारी श्रद्धा पतली है.” त्यांतल्या कुणाची मूत्रपिंडं निकामी होत असतील, कुणाच्या रक्ताचा आजारच असा असेल की लोह अंगात साठून विषासारखं होईल. ते कुणाकडे जाणार होते?

पण अंगणात मी एवढंच म्हणालो, “वहिनींचे पाय जातायत.” आणि मैत्रेयीने सांगितलेलं सगळं सांगितलं.

त्याचा चेहरा उतरला.

“फॉलिकने असं होतं, हे मला ठाऊक नव्हतं, नरहर. शपथ.”

“माझा विश्वास आहे. पण आता ठाऊक आहे. तूच तिला सांग. लाडवात मी गोळ्या कुटतो, एवढं सांगितलंस की ती उद्या सकाळीच सुई घेईल. मी सांगून तिला पटायचं नाही.”

“सांगतो.”

“आज.”

“आजच सांगतो म्हणालो ना!”

मी निर्धास्त झोपलो. इतक्या वर्षांत आत्मारामचा शब्द मी कधी पारखून घेतला नव्हता.

मंगळवारी सकाळी मैत्रेयी इंजेक्शन घेऊन त्यांच्या घरी गेली तर दाराला कुलूप. आम्ही मांडवात धावलो. वहिनी परातीसमोरच्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि आत्माराम त्याच खांबाला टेकून उभा होता. त्याने मला पाहिलं आणि मान फिरवली. रात्री घरात काय झालं असेल ते मला त्या मान फिरवण्यात कळलं. काहीच झालं नव्हतं.

माझ्या पिशवीत दोन पेले, हिरड्याच्या पाण्याची बाटली, हलवायाचा लाडू आणि टाक होता. कशासाठी घेतलं होतं कोण जाणे. वापरायचं धाडस होईल असं मला वाटलं नव्हतं. पण त्या फिरवलेल्या मानेने माझे पाय पुढे ढकलले.

“महाराज,” मी म्हणालो. आवाज चिरका निघाला. “एक लड्डू दीजिए।”

“लो, बाबूजी! बुढ़ापे में लाली चाहिए?” मांडवात हशा पिकला.

मी फळीवर दोन पेले मांडले, पाणी ओतलं आणि सगळ्यांना दाखवून दोन लाडू दोन पेल्यांत टाकले. पुढची माणसं वाकून बघू लागली. एक पाणी काळं झालं.

बाबा क्षणभरही अडखळले नाहीत. “देखा! बाबूजी का पाप पानी में उतर आया! पेट तक जाने की जरूरत ही नहीं पड़ी!”

“जय!” कुणीतरी ओरडलं.

मी टाक बुडवला आणि मांडवाच्या पांढऱ्या कनातीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं : लोहा. पुढच्या रांगेतला एक म्हातारा बनिया उठला, चष्मा वर करून अक्षरांजवळ गेला आणि वास घेतला.

“अरे, यह तो स्याही है,” तो म्हणाला. “हर्रा और कसीस। हमारे बाप-दादा इसी से बहीखाता लिखते थे। पाप-वाप नहीं है महाराज, कसीस है।” हर्रा म्हणजे हिरडा, कसीस म्हणजे हिराकस.

“हाँ दादाजी, वही,” मैत्रेयी पुढे झाली. “दवाई है. अस्पताल में मिलती है, नाम के साथ. और सुई से मैया उतरती है तो लोहे की गोली से क्यों नहीं उतरती, महाराज?”

मग ती वहिनींपाशी गुडघ्यांवर बसली, परात बाजूला केली, पाय पुसले. मराठीत, अगदी हळू आवाजात म्हणाली, “मामी, डोळे मिटा. मी कुठलं बोट धरलंय?”

“अंगठा.”

तिने करंगळी धरली होती. सगळ्यांना दिसत होतं.

“आता?”

“आता... सोडलंस ना?”

तिने अंगठा सोडला नव्हता. उलट नख रुतेल इतका आवळून धरला होता. मांडवात कुजबुज सुरू झाली. वहिनींनी डोळे उघडले, खाली पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर भीती आली.

“चींटियाँ इनको भी काट रही थीं,” मैत्रेयीने लोकांना घोट्यांवरच्या गांधी दाखवल्या. “इनको पता नहीं चलता, क्योंकि नसें सूख रही हैं. बीमारी है यह, चमत्कार नहीं. जिसको शक है वो महाराज से कहे, अपना पैर परात में रखें.”

“रखिए महाराज!” कमल सगळ्यांत आधी ओरडला. “मेरे रस का हिसाब हो गया, अब आपके लड्डू का हो!”

हसणारी गर्दी एकदम दुसऱ्या बाजूने हसू लागली. बाबा परातीपासून मागे सरकले. घाम पुसला. आणि मग त्यांनी बोट उचललं, पण आभाळाकडे नाही, खांबाकडे.

“हमसे क्या पूछते हो? हमने कौन-सा जहर दिया? कंपाउंडर साहब से पूछो! कूट-कूटकर तो वही देते हैं!”

सगळ्या माना वळल्या. वहिनींची सर्वांत शेवटी वळली.

“तुम्हाला ठाऊक होतं?” त्यांनी मराठीत विचारलं. मांडवातल्या कुणाला तो प्रश्न कळला नसेल, पण एकही माणूस हलला नाही.

“तुझं रक्त वाढत होतं, नंदा.”

“ते नाही विचारलं मी.”

“मला वाटलं...”

“काल रात्री मी पाय चोळत बसले होते. तुम्ही शेजारी होता. तेव्हा ठाऊक होतं?”

आत्मारामने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. पौर्णिमेला घरभर घुमणारा तो आवाज त्या दिवशी “हो” एवढंच म्हणू शकला, आणि तेही ऐकू येईल न येईल असं.

वहिनींनी मैत्रेयीपुढे दंड केला. “दे ग सुई. इथेच दे.”

बाबा पुढच्या मंगळवारी आले नाहीत. कुणी म्हणतं बाराबंकीला गेले, कुणी म्हणतं तिथे हल्ली ते मधुमेह उतरवतात. मांडव उठला. बाहेर पाठवलेल्या नमुन्याचं उत्तर मैत्रेयी म्हणाली तसंच आलं. इंजेक्शनं आधी दिवसाआड, मग आठवड्याला होती, आता महिन्याला आहेत आणि जन्मभर राहतील. रक्त पहिल्या महिन्यातच सुधारलं. हातांचं बधिरपण गेलं. पाय मात्र पूर्ण परत आले नाहीत. वहिनी काठी घेऊन चालतात आणि अंधारात कुणाचा तरी हात धरतात. मैत्रेयी म्हणते, हिवाळ्यात, पहिल्यांदा मुंग्या आल्या तेव्हा कुणी रक्त तपासलं असतं, तर काठी लागली नसती.

आत्माराम माझ्याकडे येत नाही. पौर्णिमेला येतो, मागे बसतो, बोलत नाही. मला त्याचा राग येतो, त्याची दयाही येते, आणि दोन्हींतलं खरं कोणतं हे ठरवण्याइतका माझा स्वतःवर भरवसा नाही. बाबाने लोकांना फसवलं, त्याचं मला फारसं दुःख नाही. ठकाचा धंदाच तो. पण ज्याच्याकडून मी प्रश्न विचारायला शिकलो, त्यानेच उत्तर लाडवात लपवून ठेवलं, हे अजून गिळलं जात नाही.

गेल्या आठवड्यात त्यांच्याकडे गेलो होतो. वहिनींना फार वेळ उभं राहवत नाही, म्हणून स्वयंपाक आता आत्माराम करतो. त्याने पोह्यांची बशी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चमचा उचलला नाही.

“यात काय आहे?” त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता.

“पोहे,” तो म्हणाला. “कांदा, बटाटा, हळद, मीठ. थोडी साखर.”

“आणि?”

“आणखी काही नाही.”

मग त्या खाऊ लागल्या. तो म्हणाला, रोज असंच चालतं, प्रत्येक ताटाला.

वाचकहो, एवढंच सांगण्यासाठी हे लिहिलं. चेहरा पांढरा पडला, धाप लागली, पाय बधिरले, तर रक्त तपासून घ्या, आणि ते कमी निघालं तर का कमी आहे हे विचारल्याशिवाय दवाखान्यातून उठू नका. कारण निराळं असेल तर औषधही निराळं असतं. आणि तोंडात काही घालण्याआधी यात काय आहे, हे विचारा. बाबाला विचारा, डॉक्टरला विचारा, आपल्या माणसालाही विचारा. ज्याच्याजवळ उत्तर आहे, त्याला या प्रश्नाचा राग येत नाही. आणि हा प्रश्न वेळेवर विचारला, तर तो जन्मभर रोज विचारत बसावं लागत नाही.